न सुटणारं बाजूला, सुटणारं कागदावर : खान्देशातल्या शाळेत नोकरी निभावताना

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक मुलांमुळे थकतो असं फार कमी वेळा होतं. तो थकतो भर तासाला मोबाईलवर पडणाऱ्या 'अत्यंत तातडीचे, आज दोनपर्यंत' अशा निरोपांनी, वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या शिक्षकाच्या जागेने आणि दोंडाईचा किंवा शहाद्याहून रोज अपडाऊन करून. 'सकारात्मक राहा' हा प्रशिक्षणातला सल्ला यावर चालत नाही, कारण त्यात करायचं काय ते कुणी सांगत नाही. खाली दिलेली पद्धत मनाची कमी आणि कागदाची जास्त आहे. तिला एक वही, एक फाईल आणि साधारण दोन आठवडे लागतात.

आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. नोंद करायला मोबाईल उघडला की शाळेच्या कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतो आणि वीस मिनिटं तिथेच जातात. पानावर चार रकाने आखा: तारीख, काय झालं, किती मिनिटं गेली, कोणाच्या हातात आहे. शाळा सुटल्यावर पाच मिनिटांत लिहून मोकळं व्हायचं. असे शाळेचे दहा दिवस. रविवार धरू नका आणि सहल किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडाही निवडू नका, कारण त्या आठवड्यात सगळंच वेगळं असतं.

'काय झालं' या रकान्यात विशेषण टाळायचं. 'केंद्रप्रमुखांनी अपमान केला' (केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) असं लिहिलं तर त्यावर पुढे काहीच करता येत नाही. 'केंद्रप्रमुखांनी तिसरीच्या वर्गात, मुलांसमोर, नोंदवही अपूर्ण का असं विचारलं' असं लिहिलं की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: वही अपूर्ण होती आणि विचारण्याची जागा चुकली. पहिलीचा उपाय तुमच्याकडे आहे, दुसरीसाठी एकट्यात दोन वाक्यं बोलावी लागतील. माणसांची नावं लिहू नका, पद लिहा. वही कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतेच.

खरा उपयोग मिनिटांच्या रकान्याचा. ज्या गोष्टीने दिवसभर डोकं तापलं ती प्रत्यक्षात सहा मिनिटांची निघते आणि जिच्याबद्दल कधी तक्रारही केली नाही ती, उदाहरणार्थ पोषण आहाराची रोजची नोंद, आठवड्याचे अडीच-तीन तास खाऊन बसलेली सापडते. वही बिघडते ती साधारण चौथ्या दिवशी: लिहिणारा दमतो आणि 'नेहमीचंच' असं लिहून सोडतो. त्या दिवशी फक्त मिनिटं लिहा, बाकीचे रकाने कोरे राहू द्या.

तीन खुणा

दहा दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे अ, ब किंवा क लिहा. 'अ' म्हणजे तुमच्या हातात नसलेलं. 'ब' म्हणजे अर्जाने हलू शकणारं. 'क' म्हणजे तुमच्या वर्गात, तुमच्या वेळेत बसणारं.

अ आणि ब यांची सरमिसळ सगळ्यात जास्त होते. कसोटी अशी: ही गोष्ट एका विशिष्ट पदावरच्या एका माणसाच्या सहीने सुटू शकते का? सुटत असेल तर ती 'ब'. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांच्या, सहीने तात्पुरता शिक्षक मिळू शकतो, म्हणून दुसऱ्या शिक्षकाची तात्पुरती सोय हा 'ब' आहे. पण रिकामं पद कायमचं भरणं संचमान्यता (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवणं), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची ऑनलाइन प्रणाली) आणि शासनाच्या भरतीवर अवलंबून असतं, तो 'अ'. एकाच तक्रारीचे असे दोन तुकडे पडतात आणि ते वेगळे करणं हेच निम्मं काम. 'आपल्याकडे असंच चालतं' म्हणत 'ब' गोष्टी 'अ'मध्ये ढकलणारे शिक्षक शांत दिसतात, पण त्यांचे साधे हक्कही पडून राहतात. उलट 'अ'शी दोन-तीन वर्षं झुंजणारे कडवट होतात आणि त्याचा फटका वर्गाला बसतो.

'अ'चं काय करायचं

'अ' गोष्ट नुसती सोडून दिली तर ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. तिच्यापुढे एक जोडकाम लिहा: ही गोष्ट बदलणार नाही असं धरून मी काय करणार? खान्देशात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्थलांतर.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा, साक्रीचा पश्चिम भाग, चाळीसगावकडचे तांडे: दिवाळीनंतर इथली कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातात, उन्हाळ्यात परततात. त्याआधी कापूस वेचणीला मोठ्या बहिणी घरी थांबतात, धाकट्याला सांभाळायला. दरवर्षी नोव्हेंबरात पट अर्धा झाला की शिक्षक नव्याने हताश होतो. हा धक्का तुमच्या वार्षिक नियोजनात आधीच बसवलेला हवा.

जूनमध्येच मागच्या वर्षीच्या हजेरीपत्रकावरून नोव्हेंबर ते एप्रिल गैरहजर असलेली नावं वेगळी काढा. त्या मुलांसाठी पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान दिवाळीपूर्वी संपेल असं नियोजन करा. परिसर अभ्यासाचे सुटे पाठ नंतर घेता येतात, बाराखडी नंतर घेता येत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालकांना विचारा: कधी निघणार, कोणत्या कारखान्याकडे, मूल नेणार की आजीकडे ठेवणार? आजीकडे राहणाऱ्यांची यादी हंगामी वसतिगृहाच्या (पालक बाहेरगावी असेपर्यंत मुलांची गावातच सोय) प्रस्तावाला लागते. प्रस्ताव दिवाळीनंतर गेला तर मुलं आधीच ट्रकमध्ये बसलेली असतात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवायचं मुलाच्या शिक्षणाचं पत्रक) भरून द्या आणि त्याची प्रत शाळेत ठेवा. पालक ते हरवतात ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून पत्रकाचा फोटो पालकांच्या मोबाईलवर आणि मुकादमाकडेही पाठवा. तिकडच्या शाळेने दाखला नाही म्हणून प्रवेश अडवला तर पालकांना सांगून ठेवा की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावर प्रवेश नाकारता येत नाही.

एप्रिलमध्ये मूल परत आलं की पहिला आठवडा फक्त पाहणीचा: काय उरलंय, काय विसरलंय. लगेच परीक्षेला बसवलं तर मूल दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

बाकीचे 'अ' याच्या मानाने सोपे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळच्या शाळेतही दहानंतर पत्र्याच्या खोलीत गणित चालत नाही. गणित आणि लेखन पहिल्या दीड तासात घ्या, गोष्ट आणि चित्र शेवटी. सातपुड्यात नेटवर्क नसेल तर माहिती कागदावर तयार ठेवा आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी टेकडीवर किंवा तालुक्याला जाऊन भरा. महिन्याच्या ३० आणि ३१ तारखा टाळा, पोर्टल त्याच दिवशी हमखास बसतं.

'ब': अर्ज कसा लिहायचा

तोंडी सांगितलेलं साहेब विसरतात. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, त्यांच्याकडे शेकडो शाळा असतात. म्हणून 'ब' खूण असलेल्या प्रत्येक गोष्टीचा एक अर्ज, एका पानाचा. विषय एका ओळीत. मग वस्तुस्थिती आकड्यात: पट किती, शिक्षक किती, कधीपासून. मग नेमकी मागणी, एकच. शेवटी मागणी मान्य झाली तर काय होईल ते एका वाक्यात. 'नम्र विनंती की सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' याच्या चार ओळी लिहू नका. त्या जागेत पटाचा तक्ता बसतो.

कायद्याचे दोन-तीन आकडे पाठ असावेत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. कामाचे दिवस पहिली ते पाचवीला २००, सहावी ते आठवीला २२०. अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १०००. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीचा वेळ धरून मोजलेले आहेत. अर्जात हे आकडे तुमच्या शाळेच्या आकड्यांशेजारी ठेवले की कारकुनालाही टिपणी लिहिणं सोपं जातं, आणि टिपणी लिहिणं सोपं असलेली फाईल आधी हलते.

अशैक्षणिक कामाबद्दल मात्र अर्धवट माहितीवर भांडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही हे खरं, पण त्याच कलमात तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांशी संबंधित काम. मतदार यादीचं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम तिसऱ्या अपवादात येतं. ते परस्पर नाकारलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३२ खाली कारवाई होऊ शकते. एकशिक्षकी शाळा, गरोदरपण, अपंगत्व, गंभीर आजार अशी कारणं असतील तर आदेश मिळाल्याबरोबर, पुराव्यासह, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत तहसील कार्यालयात बदलाची मागणी करा. काम सुरू झाल्यावर केलेला अर्ज सहसा मंजूर होत नाही. अपवादांत न बसणाऱ्या सर्वेक्षणासाठी तोंडी निरोप आला तर लेखी आदेश नम्रपणे मागा. बरीच कामं लेखी आदेश मागितल्यावर आपोआप विरतात.

अर्ज नेहमी योग्य मार्गाने, म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या क्रमाने. वरच्या साहेबांना थेट दिलेला अर्ज खाली चौकशीला येतो, तोही रागाने. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. एक महिन्याने पोच जोडून स्मरणपत्र, आणखी महिन्याने दुसरं. त्यानंतर माहिती अधिकारात 'माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस असते. रागाच्या भरात पंचवीस प्रश्न विचारणारा अर्ज कार्यालयाला शत्रू करतो आणि उत्तर मात्र एकाचंही धड मिळत नाही.

याच फाईलमध्ये सेवापुस्तकाची प्रत ठेवा. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, मूळ सेवापुस्तक पाहून वेतनवाढ, रजा, प्रशिक्षण यांच्या नोंदी तपासा. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी अडकते ती बहुधा जुन्या सुटलेल्या नोंदीपायी. त्या काळातला लिपिक तोवर निवृत्त झालेला असतो.

ऑनलाइन माहितीचा ससेमिरा

यू-डायस प्लस आणि सरल (शाळा आणि मुलांच्या माहितीची सरकारी पोर्टलं), आधार पडताळणी, पोषण आहार, शिष्यवृत्ती, आणि वर एक्सेल. माहिती मागणारे वेगळे, माहिती तीच. एकदा चार-पाच संध्याकाळी खर्चून मोठ्या आडव्या वहीत मूळ तक्ता करा. एका मुलाची एक ओळ: आधारवरचं नाव, दाखलखारीज रजिस्टरवरचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, सरलचा आयडी, आईचं नाव, प्रवर्ग, बँक खातं, आयएफएससी, उंची, वजन, पालकांचा मोबाईल. दोन नावांचे दोन रकाने मुद्दाम ठेवायचे. आधारवरचं नाव आणि रजिस्टरवरचं नाव जुळत नाही, पडताळणी तिथेच अडते, आणि पडताळणी न झालेलं मूल संचमान्यतेत मोजलं गेलं नाही की पद जातं. तक्ता शाळेच्या कपाटात कुलपात. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, त्यात मुलांचे आधार क्रमांक आहेत.

मग वेळ ठरवा. ग्रुप दिवसात दोनदा पाहायचा, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवा की खरोखर तातडीचं असेल तर फोन करा. पहिला आठवडा कुरकुर होते. नंतर कळतं की फोन करण्याइतकं तातडीचं महिन्यात दोनदाच असतं.

दोन शिक्षकी शाळेतलं भांडण

जिथे दोनच माणसं असतात तिथे अबोला पाच-पाच वर्षं टिकतो, आणि मूळ शोधलं तर ते बहुधा पोषण आहाराच्या हिशोबात असतं. जूनमध्ये कामाची लेखी वाटणी करा: आहार, रोकडवही, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, ऑनलाइन, शिष्यवृत्ती. दिवाळीनंतर आहार आणि ऑनलाइन यांची अदलाबदल. तांदळाचा हिशोब रोजच्या रोज दोघांच्या सहीने ठेवा: पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, गुणिले प्रत्यक्ष हजेरी. महिन्याच्या शेवटी पोती मोजायला बसलं की संशय सुरू होतो.

वयाने मोठ्या सहकाऱ्याला 'आप्पा' किंवा 'नाना' म्हणत असाल तर वाटणीच्या कागदावरही आधी त्यांना निवड करू द्या. त्यात तुमचं फारसं काही जात नाही. गावातल्या राजकारणात मात्र दोघांनीही कुणा एकाच गटाच्या ओट्यावर बसू नये. सरपंचपद दर पाच वर्षांनी बदलू शकतं, तुमची शाळा तीच राहते. मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावातच, राहण्याच्या ठरावासाठी ग्रामसभेपुढे जावंच लागतं, तेव्हा कुणा एका गटाचे म्हणून ओळखले जाणं महागात पडतं.

'क': एक फट उघडी ठेवणं

दर सत्रात एकच नवी गोष्ट, तीन आठवड्यांची, पाचशे रुपयांच्या आतली. यापेक्षा मोठी योजना ऑक्टोबरपर्यंत मोडते आणि 'इथे काही होऊच शकत नाही' याचा आणखी एक पुरावा हाती येतो.

खान्देशात सुरुवात भाषेपासून करावी. पहिलीतलं मूल घरी अहिराणी, पावरी, मावची किंवा लेवा बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत असतं. मूल गप्प असतं, शिक्षक त्याला मठ्ठ समजतो. मुलांच्या घरातले शंभर शब्द गोळा करा: वीस घरातले, वीस शेतातले, वीस शरीराचे, वीस प्राणी-पक्षी, वीस क्रियापदं. शब्द मुलांकडून आणि त्यांच्या आजीकडून घ्या, स्वतः अंदाजाने लिहू नका. धडगावची पावरी आणि शिरपूरकडची पावरी यांत फरक पडतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला चित्र, खाली घरचा शब्द, त्याखाली पुस्तकातला. रोज पाच पत्रिका. 'तुनं नाव काय शे?' असं शिक्षकाने विचारलं की गप्प मूल पहिल्यांदा तोंड उघडतं. चूक होते ती पुढे: काही शिक्षक मग वर्षभर घरच्याच भाषेत राहतात. तिसऱ्या आठवड्यापासून प्रश्न घरच्या भाषेत आणि उत्तरातलं एक तरी वाक्य पुस्तकी, असं वळवायचं.

मोजमाप लहान ठेवा. पाच मुलं निवडा: दोन मागची, दोन मधली, एक पुढचं. सुरुवातीला आणि तीन आठवड्यांनी एकेक मिनिट वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. तुमचं मूल १२ वरून १९ वर गेलं तर ती प्रगती आहे, अहवालात ती दिसो वा न दिसो. आकडे हलले नाहीत तर प्रयोग बंद करा, चौथा आठवडा ओढू नका.

दुसरी फट तुमच्या स्वतःच्या वाटेची. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागू झाली: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत, त्याहून कमी असणाऱ्यांना नोकरीपुरती सूट, पण बढतीसाठी परीक्षा हवीच. याविरुद्ध संघटना काय करतील ते 'अ' खुणेचं आहे, अभ्यास 'क' खुणेचा. पेपर १५० गुणांचा, १५० मिनिटांचा, उणे गुण नाहीत. पहिल्या पेपरात पाच विषय, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५. वीस वर्षं शिकवलेला माणूस गणित आणि परिसर अभ्यासात सहसा अडत नाही, तो अडतो बालमानसशास्त्राच्या परिभाषेत आणि दुसऱ्या भाषेत. म्हणून सकाळी चाळीस मिनिटं याच दोन विषयांना द्या आणि आठवड्यातून एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा.

पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं बी.एड. किंवा पदवी, तर प्रवेशाआधी लेखी परवानगी घ्या आणि तिची सेवापुस्तकात नोंद करून घ्या. परवानगीशिवाय मिळवलेली पदवी पदवीधर शिक्षकाच्या यादीत नाव लावताना अडते. बदली हवी असेल तर फेरी जाहीर होण्याची वाट न पाहता अवघड (दुर्गम म्हणून ठरवलेल्या) क्षेत्रातल्या सेवेचा, आजाराचा किंवा पती-पत्नी अंतराचा दाखला आधीच काढून ठेवा. पोर्टल उघडं असतं मोजके दिवस, दाखल्याला लागतात आठवडे.

जे स्वीकारायचं नाही

खोटी हजेरी लावा, न शिजलेल्या आहाराचे आकडे भरा, न झालेल्या चाचणीचे गुण टाका, असं कुणी सांगितलं तर वहीत खूण करत बसू नका. लेखी मागा. लेखी देत नसतील तर तुम्ही सही करू नका, कारण चौकशीत सही करणाराच सापडतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. तक्रार कार्यालयप्रमुखाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. पगार अडकला तर शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमध्ये तो कोणत्या टप्प्यावर थांबलाय ते पाहून त्या टेबलाच्या नावाने अर्ज करा, 'कार्यालयाला' म्हणून नको.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, शाळेच्या वाटेवरच छातीत धडधडत असेल, मुलांवर हात उगारला जात असेल, तर वही पुरी पडणार नाही. डॉक्टरकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वहीचे दहा दिवस वर्षातून दोनदा करा, जुलैत आणि जानेवारीत. जुलैतली 'अ' खुणेची एखादी ओळ जानेवारीत 'ब' झालेली सापडते: नवे गटशिक्षणाधिकारी आले, नवा शासन निर्णय निघाला, शेजारच्या शाळेत शिक्षक अतिरिक्त ठरला. अर्जाचा मसुदा फाईलमध्ये तयारच असेल, पटाचे आकडे आणि तारीख बदलून त्याच आठवड्यात द्या.